एका हाकेचं रान

त्या राज्यात गवत सगळीकडे एकाच जातीचं होतं, पाणी एकाच डोंगरातून येत होतं आणि हरणांच्या पाठीवरचे ठिपकेही सारखेच होते. हाका मात्र जितक्या दऱ्या तितक्या होत्या. ही गोष्ट कुणाला खटकत नव्हती. खटकावी असं कुणाच्या मनातही आलेलं नव्हतं.

धारेच्या दरीत मोठा धबधबा कोसळत असे. तिथे जाड, घोगऱ्या आवाजाला काडीची किंमत नव्हती. तो पाण्याच्या घोंघाटात बुडून जाई. म्हणून तिथल्या हरिणींची हाक उंच, बारीक, पाणी कापत जाणारी. कळकाच्या बनात लांब सूर काढला तर तो बांबूंच्या दाटीत कुठल्या कुठे भरकटे, म्हणून तिथली हाक आखूड, तुटक, ठोकून बसवलेली. सड्याच्या उघड्या कातळावर समोरचा कडा हाक परत पाठवायचा, म्हणून तिथल्या आया एकदा हाक मारून थांबत, कड्याचं बोलणं होऊ देत आणि मग दुसरी मारत. माळावर ना पाणी आडवं येई ना कडा. तिथली हाक लांब, खर्जातली, ऐसपैस. जेवून उठलेल्याला कशाची घाई असणार?

एकमेकांच्या हाकांची टिंगल सगळेच करत. बनातले म्हणत, धारेच्या हरिणी हाक मारतात का शेपटीवर कुणी पाय दिलाय? धारेचे म्हणत, बनातल्या बाईला उचकी लागली की तिची पोरं धावत येतात. सड्यावरच्यांना तर सगळेच हसत, कारण त्या अर्धं बोलून गप्प बसत. पण हसणारे हसून झालं की आपापल्या दरीत परत जात. कुणी कुणाच्या तोंडात खूर घालत नसे.

हाका बदलतही होत्या. धारेच्या दरीत करवंदी नावाची म्हातारी हरिणी होती. तिच्या लहानपणी धबधबा अर्धाच होता. मग एका पावसाळ्यात वरची कड ढासळली, पाणी धो धो कोसळू लागलं आणि दरीची हाक वर वर चढत गेली. ठरवून कुणी चढवली नाही. प्रत्येक आईने आपल्या आईपेक्षा किंचित उंच मारली, एवढंच. करवंदी मात्र अजून जुन्या सुरात, शेवटी एक हेलकावा देऊन हाक मारायची. तरण्या हरिणींनी तो हेलकावा कधीच टाकून दिला होता. "तुमच्या हाकंला शेपूटच न्हाई," ती कुरकुरायची, आणि तरण्या हसायच्या. त्यांच्या पोरी पुढे आणखी काहीतरी टाकून देणार होत्या, आणि तेव्हा कुरकुरायची पाळी यांच्यावर येणार होती.

या सगळ्या दऱ्यांत एक रीत मात्र सारखी होती. नवं पाडस पळू शकत नाही आणि आईला चरायला तर जावंच लागतं. म्हणून पाडस जन्मलं की ते उभं राहायच्या आत आई त्याच्या कानाशी तोंड नेऊन हाक बांधायची. हाक बांधायची म्हणजे दरीची हाक घ्यायची, तिच्यात आपल्या आईची वळणं ठेवायची आणि एक वळण स्वतःचं घालायचं. ते वळण त्या एका पाडसाचं. सख्ख्या भावंडालाही ते द्यायचं नाही. मग पाडसाला उंच गवतात निजवून आई चरायला जाई. बांधलेली हाक कानावर आल्याशिवाय पाडसाने उठायचं नाही. पाऊस आला तरी नाही, मावशी आली तरी नाही.

या रीतीचं कारण माळाच्या कडेला बोरूच्या दाट बेटात राहत होतं. तो बिबट्या होता, पण हरणं त्याचं नाव घेत नसत. नुसतं 'तो' म्हणत. गवतात निजलेलं पाडस त्याला दिसत नसे आणि त्याचा वासही येत नसे. ते आपणहून उठलं तरच त्याला मिळे. म्हणून तो दऱ्यादऱ्यांतून फिरून हाका शिकायचा. बरेच दिवस खपून एखादी हाक घोटावी, तर ती एकाच पाडसाची निघे, आणि तोवर ते पाडस चौखूर पळायला लागलेलं असे. बिचाऱ्याचं आयुष्य शिकण्यात चाललं होतं आणि पोट काही भरत नव्हतं.

अशात एके वर्षी डोंगराला वणवा लागला. साऱ्या दऱ्यांतले कळप जीव मुठीत धरून माळावर उतरले. धुरात पाडसं इकडची तिकडे झाली. मग आयांनी हाका मारायला सुरुवात केली: बारीक, तुटक, थांबून थांबून, हेलकावे देत. भर दुपारी माळावर एकच कल्लोळ उठला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत एकूण एक पाडस आपापल्या आईच्या पोटाशी होतं. एकही हरवलं नाही. माळावरच्या नरांच्या लक्षात मात्र एवढंच राहिलं, की त्या दिवशी त्यांची झोपमोड झाली.

वणवा विझला आणि मिठाच्या खडकापाशी सभा भरली. हा खडक माळावर होता. त्यात माळावरच्यांचं काही कर्तृत्व नव्हतं. तो होता म्हणून होता. पण सगळ्या राज्याची हरणं मीठ चाटायला तिथे येत, त्यामुळे खडकाजवळ राहणाऱ्यांना आपण काही वेगळेच आहोत असं वाटू लागलं होतं. सभेत सगळे नर होते, एकापेक्षा एक भरदार शिंगांचे. हाक कशी मारावी हे त्यांनी ठरवायला घेतलं, आणि त्यांच्यापैकी एकानेही जन्मात कधी पाडसाला हाक मारलेली नव्हती. त्यांची पाडसं कोणती, हेही त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं.

राज्य एक, गवत एक, तर हाकही एकच असली पाहिजे, असं सभेत ठरलं. मग ती कोणती, यावर पुष्कळ विचार झाला, आणि विचाराअंती असं आढळून आलं की सगळ्यांत शुद्ध हाक नेमकी माळावरचीच आहे. तिला 'प्रमाण हाक' म्हणायचं ठरलं. बाकीच्या हाका म्हणजे तिचीच बिघडलेली रूपं, असंही त्याच बैठकीत सिद्ध झालं. प्रत्येक पाडसाला वेगळं वळण द्यायची रीत तर सभेला रानटीच वाटली. एका आईची हाक दुसऱ्या पाडसाला कळू नये, हा कसला आपलेपणा? शृंगभूषण नावाच्या एका वजनदार नराला हाकनिरीक्षक नेमण्यात आलं. त्याच्या शिंगांवर शेवाळ लोंबत असे आणि तो ते झटकत नसे, कारण त्याने विद्वत्ता दिसते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

जबरदस्ती अजिबात नव्हती. ज्या पाडसाला प्रमाण हाक कळत नाही, त्याने आणि त्याच्या आईने खडकाकडे यायचं नाही, एवढंच.

धारेच्या दरीत या एवढ्याचा अर्थ सगळ्यांना लगेच कळला. तिथल्या मातीतलं मीठ धबधब्याने केव्हाच धुऊन नेलं होतं. मीठ मिळालं नाही तर पाडसांची हाडं ठिसूळ राहत, आणि पळताना पाय मोडलेल्या हरणाचं पुढे काय होतं हे सांगायला नको. त्या दरीतल्या सावरी नावाच्या हरिणीचं पहिलं पाडस असंच गेलं होतं. त्या वर्षी पाऊस फार लांबला, खडकापर्यंतची वाट बंद राहिली, पाडसाच्या पायांत जोर भरलाच नाही, आणि एके सकाळी ते उतारावर घसरलं ते उठलंच नाही. आता तिला दुसरं पाडस झालं होतं. ती मादी होती आणि जन्मल्या जन्मल्या उभं राहायच्या धडपडीत तिने स्वतःभोवती इतक्या गिरक्या घेतल्या, की सावरीने तिचं नाव भिंगरी ठेवलं. तिला बांधलेल्या हाकेत सावरीचं वळण अगदी शेवटी होतं. आवाज वर जाऊन क्षणभर थांबायचा, 'येतीस ना?' असं विचारत असल्यागत.

सावरी भिंगरीला घेऊन खडकाकडे गेली. वाटेवर दोन नर शिंगं आडवी धरून उभे होते. त्यांच्यामागे शृंगभूषण बसला होता.

"हाक मारा," तो म्हणाला.

सावरीने आपली हाक मारली. भिंगरी उड्या मारत तिच्याजवळ आली. माळावरची हरणं आधी दचकली आणि मग खो खो हसत सुटली. एका नराने तर तशीच चिरकी हाक काढून दाखवली, आणि त्याच्या शेजारच्याने कान झाकल्याचं सोंग केलं.

"बाई, ही हाक आहे की किंकाळी?" शृंगभूषणने शांतपणे विचारलं. "मुलीचं भवितव्य अंधारात ढकलू नका. तिला आमच्या हाकशाळेत ठेवा. मीठही मिळेल आणि कानावर संस्कारही होतील."

सावरी खाली मान घालून परत फिरली. तिला राग दरीत पोचेपर्यंत आला नव्हता. पोचल्यावर मात्र असा आला, की तिने समोरचं रोपटं खुरांनी तुडवून काढलं.

"न्हाई धाडायची पोरगी," करवंदी म्हणाली. "आपली हाक तिच्या कानातनं काढत्यात म्हंजे काय? उद्या तिला कोन हाक मारतंय ते कळायचं तरी कसं?"

"आत्ती, पाय मोडून मरू देऊ का तिला?" सावरी कडाडली. "एक गेलं तवा तुमी समद्या माज्या भवती बसलात आन् रडलात. मीठ न्हाई आनलं कुनी."

चार दिवसांनी सावरीने भिंगरीला माळावर नेऊन सोडलं.

हाकशाळेत सगळ्या दऱ्यांची पाडसं होती. सकाळी त्यांना गवतात निजवत आणि माळावरची एखादी हरिणी प्रमाण हाक मारी. हाक आली की लगेच उठायचं, रांग धरायची आणि आवाजाच्या दिशेने चालू लागायचं. हाक कोण मारतंय हे पाहायचं नाही. हाक शुद्ध आहे ना, एवढंच ऐकायचं. हा शाळेतला पहिला धडा होता आणि शेवटचाही. मधूनच शृंगभूषण एखाद्या नराला दऱ्यांतल्या हाकांची नक्कल करायला सांगे. त्या आवाजाने ज्या पाडसाचा कान हलला, त्याला त्या दिवशी मीठ मिळत नसे. कळकाच्या बनातलं एक पाडस आठवडाभर कान हलवत राहिलं. मग त्याने कान पाठीशी चिकटवून बसायची सवय लावून घेतली, आणि पुढे ते साध्या वाऱ्यालाही दचकेनासं झालं. शाळेत त्याची प्रगती चांगली असल्याचं सांगण्यात आलं.

भिंगरी हुशार होती. तिचे कान पहिल्या काही दिवसांतच हलायचे थांबले. मिठाने तिच्या पायांत खरोखरच जोर भरला; गवताला पाठ न लावता ती दिवसभर उड्या मारू लागली. ती रांगेत सगळ्यात पुढे असे.

शाळेला सुट्टी मिळाली तेव्हा ती घरी आली. तिचे भरलेले पाय पाहून सावरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला धबधब्याजवळच्या गवतात निजवलं आणि ती चरायला गेली. परत येऊन तिने हाक मारली. गवत हललं नाही. तिने पुन्हा मारली, शेवटचं वळण जरा जास्तच लांबवून. काही नाही. तेव्हा तिने मोठ्या कष्टाने, घसा जाड करून प्रमाण हाक मारायचा प्रयत्न केला. ती धबधब्याने गिळून टाकली. ऊन उतरेस्तोवर सावरी गवत तुडवत फिरली. भिंगरी तिला सापडली ती तुषारांनी ओलीचिंब, कुडकुडत, होती त्याच जागी.

"आगं, एवढ्या हाका मारल्या म्या! ऐकू न्हाई आल्या तुला?"

"आल्या ना," भिंगरी म्हणाली.

"मग?"

"ती काही हाक नव्हे, आई." आधी ती सावरीला 'आये' म्हणायची. "आणि तू असं किंचाळत जाऊ नकोस. पलीकडून माळावरचं कुणी गेलं असतं तर काय म्हटलं असतं?"

सावरीने तिला चाटून कोरडं केलं. आपल्या पोटच्या पोरीला आपली लाज वाटते, ही गोष्ट गळ्याखाली उतरायला तिला वेळ लागला. उतरली तीही निखाऱ्यासारखी. तिचा सगळा राग त्या शेवाळलेल्या शिंगांवर होता, आणि उरलेला स्वतःवर.

सुट्टी संपून भिंगरी शाळेत गेली आणि थोड्याच दिवसांत माळावर विपरीत घडलं. माळावरच्याच एका हरिणीचं पाडस हाकेला ओ देऊन बोरूच्या बेटाकडे गेलं आणि परत आलं नाही. त्याच्याशेजारी निजलेल्या पाडसाने सांगितलं की हाक आली होती, अगदी शुद्ध. तेही उठणार होतं, पण त्याच्या पायात काटा होता. सभा भरली. पाडसाची आई घसा फुटेस्तोवर सांगत होती की आपण तेव्हा खडकापाशी होतो, आपण हाक मारलीच नाही. सभेने तिचं ऐकून घेतलं. मग निकाल लागला, की या आईने हाक वेळेवर मारली नाही, म्हणून पाडस भलतीकडे गेलं. आयांनी यापुढे हलगर्जीपणा करू नये. पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन पाडसं गेली, आणि तोच निकाल आणखी दोनदा लागला.

सावरीला हे कळलं तेव्हा ती चरत होती. तोंडातलं गवत तसंच टाकून ती धावत सुटली ती थेट शृंगभूषणसमोर येऊन उभी राहिली.

"म्हाराज, पोरीला न्यायला आलीय मी."

"परीक्षा होईपर्यंत कुणालाही नेता येणार नाही. आणि तुमची मुलगी तर पहिली येणार आहे."

"आवं, त्याला आदी दर पोराची हाक निराळी शिकायला लागायची!" सावरीचा आवाज नेहमीसारखा वर चढला. "जलम गेला तरी पुऱ्या व्हायच्या न्हाईत. तुमी समद्यांची एकच केली. आता तेवढी शिकला की झालं त्याचं काम!"

"कुणाचं?"

"त्याचं! बोरूतल्याचं!"

शृंगभूषणच्या चेहऱ्यावर काळजी उमटेल असं सावरीला वाटलं होतं. उमटलं ते कौतुक.

"म्हणजे तोसुद्धा प्रमाण हाक शिकतो आहे, असं तुमचं म्हणणं आहे?" तो म्हणाला. "मग बाई, तुम्हालाच ती का जमू नये?"

या डोक्यावर एवढी शिंगं उगवतात आणि आत मूठभर अक्कल उगवत नाही, हे सावरीला खरंच वाटेना. तिने पुढे होऊन त्याला ढुशी मारली असती, पण तिला शिंगं नव्हती आणि त्याच्याभोवती शिंगवाले पुष्कळ होते. त्यांनी तिला रेटत माळाच्या कडेपर्यंत नेलं. परीक्षेच्या दिवशी सगळ्या आयांना यावंच लागणार होतं, म्हणून ती तिथेच एका खुरट्या झाडाखाली थांबली. दिवसभर तिची नजर बोरूच्या बेटावरून हलत नसे.

परीक्षेच्या दिवशी ऊन कलल्यावर सगळे जमले. पाडसांना गवतात निजवण्यात आलं. मधोमध नर बसले, त्यांच्यापुढे शृंगभूषण. प्रत्येक आईने पुढे यायचं, प्रमाण हाक मारायची, आणि तिची हाक ऐकून पाडसं उठली तर ती उत्तीर्ण; पाडसांत जे सगळ्यांत आधी रांग धरेल ते पहिलं. सगळ्यात शुद्ध हाक जिची, तिला खडकाजवळचा पहिला मान मिळायचा होता.

कळकाच्या बनातल्या आईने हाक मारली. ती मध्येच तुटली. सड्यावरची अर्धी मारून सवयीने थांबली, आणि कडा नसल्यामुळे परत काहीच आलं नाही. नर हसले. पाडसं थोडी चुळबुळली आणि पुन्हा खाली बसली. माळावरच्या आयांचं जरा बरं झालं, पण शृंगभूषणने त्यांच्याही हाकांत दोष काढले. एकीची घाईची, एकीची नाकातली, एकीच्या हाकेत तिच्या आईचं काहीतरी राहून गेलेलं. मग सावरीची पाळी आली. तिने छाती भरून श्वास घेतला आणि आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला. हाक चालली, चालली, आणि शेवटाला चिरकून वर गेली. हशा पिकला. गवतात भिंगरीने मान दुसरीकडे वळवली.

"एकंदरीत निराशाजनक आहे," शृंगभूषण म्हणाला. "एवढ्या प्रयत्नांनंतरही राज्यात एक निर्दोष हाक नसावी?"

तेवढ्यात हाक आली.

ती बोरूच्या बेटातून आली. लांब, खर्जातली, ऐसपैस. कुठे चिरकली नाही, कुठे तुटली नाही, कुणाच्या आईचं, आजीचं, दरीचं, पाण्याचं तिच्यात काही नव्हतं. नरांच्या माना आपोआप डोलल्या. शृंगभूषणने डोळे मिटले.

पाडसं उठली. सगळ्या दऱ्यांची, सगळी एकदम. त्यांनी रांग धरली आणि ती बोरूकडे चालू लागली. सगळ्यात पुढे भिंगरी होती.

सावरीने पाहिलं, की सगळ्या आया इथे उभ्या आहेत. ती धावली. शिंगं आडवी झाली. तिने त्यांच्यावर अंग टाकलं, पाठ सोलून निघाली, पण ती शिंगं हटली नाहीत. मग तिने तिथूनच आपली हाक मारली. ती बारीक धार माळ चिरत गेली. बनातल्या आईला उमजलं आणि तिने आपली तुटक हाक ठोकली. सड्यावरच्यांनी मारली आणि या वेळी त्या थांबल्या नाहीत. मग माळावरच्या आयाही ओरडू लागल्या, घाईच्या, नाकातल्या, चुकलेल्या हाकांनी. ज्या हाका त्यांनी पाडसांच्या कानात बांधल्या होत्या आणि नंतर स्वतःच सोडवल्या होत्या, त्या सगळ्या एकदम बाहेर पडल्या.

"गप्प बसा!" शृंगभूषण गरजला. डोळे त्याने उघडले नव्हते. "इतकी शुद्ध हाक चालली आहे आणि तुम्ही गोंगाट करता! ऐकू द्या!"

बोरूतली हाक पुन्हा आली, आधीपेक्षाही मायाळू.

भिंगरीचा एक कान हलला. ती थांबली आणि तिच्यामागची रांगही थांबली. सावरीने ते पाहिलं आणि होता नव्हता तो जीव घशात आणून तिने हाक मारली, शेवटाला वर नेऊन थांबवलेली. भिंगरीने मागे वळून आईकडे पाहिलं. मग तिने डोलणाऱ्या नरांकडे पाहिलं, शाळेतल्या सोबत्यांकडे पाहिलं, आणि तिची मान खाली गेली.

"आई, हळू," ती म्हणाली.

तिने हललेला कान पाठीशी नीट चिकटवला आणि ती पुढे चालू लागली. रांग तिच्यामागून बोरूत शिरली.

शृंगभूषणने मिटल्या डोळ्यांनीच शेजारच्या नराला शिंगाने ढोसलं.

"कुणाची आई आहे ही?" तो भारावून म्हणाला. "पुढे आणा तिला. आजचा मान तिचा."